जावयाचं वाण, अर्ध्या भावात

जावयानं कुठं उभं राहावं याबद्दल द्वारकाबाईंची मतं पक्की होती. लग्नाच्या फोटोत मधोमध राहावं. देवघरापाशी पाटाजवळ राहावं. घरात वादावादी सुरू झाली तर गॅलरीत जाऊन राहावं. पण सुपरमार्केटात, तयार डब्यांच्या फडताळासमोर, रिकामी बास्केट हातात धरून, अर्ध्या किमतीचं स्टिकर लावणारा माणूस आतून कधी बाहेर येतो याची वाट बघत जावयानं उभं राहू नये. राहायचंच असेल तर निदान सासूला बरोबर घेऊन राहू नये.

पुष्कररावांनी दोन्ही केलं होतं.

शनिवारी संध्याकाळी "आई, चला, जरा पाय मोकळे करून येऊ," असं म्हणून ते निघाले तेव्हा द्वारकाबाईंना बरं वाटलं होतं. जावयाबरोबर जायचं म्हणून त्या खास इरकल नेसल्या. टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या रस्त्यावर भारतीय बायका पुष्कळ दिसतात, इरकल दिसत नाही, तेव्हा लोकांनी बघितलंही. आणि पाय मोकळे झाले कुठं, तर तयार डब्यांशेजारच्या सोया सॉसच्या बाटल्यांपुढं. बरीच माणसं तिथं उगाच एकेक बाटली उचलून मागची अक्षरं वाचत होती. मग पांढऱ्या टोपीतला एक माणूस स्टिकरचं यंत्र घेऊन आला आणि सगळ्यांची वाचनाची आवड एकदम सरली. पुष्करराव सर्वांत पुढं होते. टोपीवाला त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसला, त्यानं मान लववली. पुष्कररावांनीही लववली. द्वारकाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इथं सगळेच घेतात हो आई," घरी आल्यावर सून अश्लेषा म्हणाली. "मीसुद्धा घेते."

"तू घे. तू घरची आहेस. सगळं टोकियो घेऊ दे. सगळं टोकियो माझा जावई नाही."

द्वारकाबाई शाळेत तिसरीपर्यंत गेल्या होत्या, त्यातही दुसरी दोनदा. पुढचं शिक्षण वाईच्या बाजारात किराणा दुकानाच्या गल्ल्यावर झालं. यजमान पंढरीनाथ गेले तेव्हा मुलगा सौमित्र नववीत होता, मुलगी नुपूर चौथीत. महिना उलटायच्या आत त्या तागडीमागं बसल्या आणि दोन्ही पोरं शिकून बाहेर पडेपर्यंत उठल्या नाहीत. माणूस कसा आहे हे त्या त्याच्या बोलण्यावरून ठरवत नसत, त्याच्या घासाघिशीवरून ठरवत. तेलाला घासाघीस करणारा संसारी. उदबत्तीला करणारा चिकट. आजारी पोराला चाटवायच्या मधाला जो भाव पाडून मागेल, त्याला त्या बरणी समोर असूनही "मध संपला" म्हणून सांगत.

पुष्करराव नागोयाला मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते. माणूस निर्व्यसनी, देखणा, आवाज न चढवणारा. खोड एकच. पूर्ण भावात काही घेतलं की त्यांना झोप लागत नसे. नुपूर सेंदाईच्या विद्यापीठात होती, कसल्याशा किड्यांच्या पायांवर संशोधन करत होती. किड्यांना पाय किती हे द्वारकाबाईंनाही माहीत होतं, पण तिचं काम त्याच्या पुढचं होतं म्हणे. नवरा एका गावी, बायको एका गावी. या देशातल्या गाड्या वेळेवर सुटतात, वाऱ्यासारख्या पळतात, मनात आणलं तर माणूस दुपारच्या आत बायकोच्या दारात. पण पुष्कररावांना मनाबरोबर सवलतीची तारीखही लागायची. कधी महिनाभर आधी काढलेलं तिकीट, कधी रातभर चालणारी बस. बसनं पोचले की दिवसभर घोरत पडायचे आणि संध्याकाळी परतीच्या बसला बसायचे.

गेल्या थंडीत नुपूर तापानं फणफणली. "ये," म्हणून तिनं फोन केला. पुष्करराव आले, पण दोन दिवसांनी. त्या दिवसाच्या तिकिटाला सूट नव्हती. ते पोचले तोवर ताप उतरलेला होता. तोही त्यांनी बचतीतच धरला असावा.

तेव्हापासून नुपूर नागोयाला गेली नव्हती. दोघांची भेट व्हायची ती इथं, सौमित्रच्या घरी, सोफ्याच्या दोन टोकांना. मधल्या जागेत टीव्हीचा रिमोट. मागच्या खेपेला स्वयंपाकघरात ती भावाला हळू आवाजात सांगत होती, "दसऱ्याला पुष्करचं पोस्टिंग संपतं. तो पुण्याला जाईल. मी बहुतेक नाही जाणार, दादा. वेगळं राहून जमतंय, तर वेगळंच राहू. भांडण असं काही नाही." द्वारकाबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांना गुडघ्याचं दुखणं होतं, कानाचं नव्हतं.

भांडण असतं तर त्यांनी दोघांना समोर बसवून मिटवलं असतं. भांडण नाही म्हटल्यावर काय मिटवायचं?

अशात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून वाण देतात. देश बदलला म्हणून पंचांग बदलत नाही. द्वारकाबाईंनी अनारशांचा घाट घातला. इथला तांदूळ चिकट. तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून, गूळ घालून केलेला पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला, म्हणजे विरघळून पसरला. दुसरा त्याहून मोठ्यांदा हसला. शेवटी भारतीय दुकानातून जुना तांदूळ आणवून त्यांनी तेहतीस अनारसे पुरे केले. पण तेवढे खाऊन दोघं पुन्हा दोन दिशांच्या गाड्यांत बसणार, हे स्वच्छ दिसत होतं.

म्हणून त्यांनी लेह ठरवलं.

लग्न झालं तेव्हा दोघं लेहलाच जायची होती. नुपूरनं लोकरी टोपी विणून ठेवली होती. पुष्करराव विमानाचा भाव उतरायची वाट बघत बसले. भाव उतरला, पण तोवर तिकडे बर्फ पडून रस्ते बंद झाले होते. मग दोघं महाबळेश्वरला गेली, म्हणजे वाईवरूनच. जाताना द्वारकाबाईंकडे जेवूनही गेली. नव्या नवरीनं हनिमूनला जाताना आईकडे पिठलं-भाकरी खावी, हे त्यांना तेव्हाच खटकलं होतं.

आणि लेहला जायचं तर पुढच्या जागांवर बसून. जपानला येताना त्या जागा त्यांनी विमानात शिरताना पाहिल्या होत्या. माणसं पाय ताणून बसली होती, कुणी पांघरूण घेत होतं. "बिझनेस क्लास," सौमित्र म्हणाला होता. धंदा करताना त्यात कुणीच दिसलं नव्हतं, पण माझा जावई एकदा इथं बसला पाहिजे, असं त्यांनी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं. मुलगीही अर्थात.

"वाण अधिकात द्यायचं, प्रवास निज महिन्यात करायचा," त्यांनी सौमित्रला सांगितलं. "दोघांची दोन तिकिटं. पूर्ण भावात. वाणाला सूट लावायची नाही."

सौमित्र बँकेत होता. त्यानं मान हलवली. तो बँकेतही तेच करायचा. पण त्यानं एक घोळ घातला. तिकिटासाठी पासपोर्टचे नंबर हवेत म्हणून त्यानं ते थेट पुष्कररावांकडेच मागितले. पुष्कररावांनी किंमत विचारली. सौमित्रनं सांगितली. पलीकडून आवाज आला तो असा, की जणू घरात कुणाला तरी अपघात झालाय.

"तू काही काढू नकोस. शनिवार-रविवार तिकडेच आहे ना मी. मी बघतो."

जावई स्वतःच्या वाणाची घासाघीस करायला निघाला. हे ऐकून द्वारकाबाई त्या दिवशी दुपारच्या झोपल्या नाहीत.

तर आज तो रविवार. जेवणं झाली होती, वाण देऊन झालं होतं, निरांजन ताटात शांत झालं होतं. पुष्कररावांनी खांद्यावरच्या नव्या उपरण्यासकट लॅपटॉप उघडला.

"मिळालं!" ते म्हणाले. "आई, तुमच्या हातात लक्ष्मी आहे."

"लक्ष्मी तुमच्या शेजारी बसायला हवी. ती तिकडे टोकाला बसलीय," द्वारकाबाई म्हणाल्या.

नुपूरनं फोनमधून डोकं वर काढलं नाही.

"ओयाकोको प्लॅन," पुष्करराव सांगू लागले. "ओयाकोको म्हणजे आईवडिलांची सेवा करणं. इथं फार मानतात. सत्तरीपुढची आई किंवा वडील बरोबर असतील तर सगळ्या कुटुंबाला बिझनेस क्लास अर्ध्याहून कमी भावात. टोकियो ते दिल्ली, दिल्ली ते लेह, दोन्हीकडे पुढच्या जागा."

"सेवेचंसुद्धा पॅकेज मिळतं का इथं?"

"सगळ्याचं मिळतं, आई. तुम्ही, नुपूर आणि मी. तिघांचं मिळून दोघांपेक्षा स्वस्त पडतं!"

द्वारकाबाईंनी हिशेब मनातल्या मनात दोनदा केला. आयुष्यभर तागडी धरली होती, पण तीन शेर दोन शेरांपेक्षा हलके भरलेले त्यांनी पाहिले नव्हते.

"म्हणजे मी गेले की स्वस्त."

"हो."

"आणि नाही गेले की महाग."

"बरोबर."

"म्हणजे मी स्टिकर."

नुपूर हसली. दिवसभरात पहिल्यांदा हसली. मग पुष्करराव पण हसतायत असं तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली.

खरं सांगायचं तर द्वारकाबाईंना मोह झाला. साताऱ्याची त्यांची धाकटी जाऊ दोन वर्षांपूर्वी लेहला जाऊन आली होती, मागच्या जागेवर बसून, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीला याकची गोष्ट सांगायची. आपण पाय ताणून, पांघरूण घेऊन, पुढच्या जागेवर झोपून गेलो तर ती गोष्ट कायमची बंद होणार होती. याकवर बसायचीही गरज नव्हती.

"बघू, दाखवा तरी जागा," त्या म्हणाल्या.

पुष्कररावांनी पडद्यावर विमानाचं चित्र काढलं. खिडक्यांपाशी एकेक जागा सुटी, मधोमध दोन जागा जोडून.

"मधल्या जोडीत आई आणि नुपूर. मी इकडे खिडकीत."

"हो, तसंच कर," नुपूर लगेच म्हणाली. "आईला काही लागलं-सवरलं तर."

"किंवा मी आईंशेजारी बसतो, नुपूर खिडकीत. तिला आवडते खिडकी."

"नको, नको. तू बस खिडकीत. तुला झोपायचं असतं."

"तसं नाही, आईंची सेवा म्हणूनच तर प्लॅन आहे. मला काहीच त्रास नाही."

"मलाही नाही."

द्वारकाबाई एकदा लेकीकडे बघत होत्या, एकदा जावयाकडे. सासूशेजारी बसण्यासाठी इतका हट्ट धरणारा जावई त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि तिथंच त्यांच्या ध्यानात आलं. सूट तर होतीच. पण तिघांचं तिकीट काढायला दोघंही जी उतावीळ झाली होती ती भावासाठी नव्हती. इतक्या उंचावर, इतक्या दूर, एकमेकांबरोबर दोघंच जायची दोघांनाही धास्ती होती. मधे आई असली की बोलायला नको. आई, पाणी हवं का. आई, थंडी वाजतेय का. आठ दिवस आईला विचारत काढायचे, येताना याकचे फोटो आणायचे, आणि दसऱ्याला एकानं पुण्याचं विमान धरायचं.

सोफ्यावरच्या रिमोटला आता बिझनेस क्लासमध्ये जागा मिळणार होती.

"एकच बारीकशी अट आहे," पुष्करराव म्हणाले. "लेह उंचावर आहे, हवा विरळ असते. म्हणून सत्तरीपुढच्या माणसाला ते लोक आधी फोनवर चारदोन प्रश्न विचारतात. आई, तुम्ही ठणठणीत आहात, काळजी नाही. मी स्पीकरवर टाकतो, तुम्ही नुसतं 'नाही, नाही' म्हणा."

फोन लागला. पलीकडे एक बाई होती. आवाज असा गोड की देवळातली लहान घंटा. आधी तिनं बराच वेळ कसलीशी माफी मागितली. अजून काही झालंही नव्हतं.

"त्या म्हणतायत, ओकासामांना, म्हणजे तुम्हाला, असे प्रश्न विचारावे लागतायत याचं त्यांना वाईट वाटतं," पुष्कररावांनी सांगितलं.

"वाटू दे. विचार म्हणावं."

"रात्री झोप नीट लागते का? लागते. सांगतो." ते जपानीत बोलले. "हृदयाचं ऑपरेशन? नाही. सांगतो." पुन्हा बोलले. "आता शेवटचं. जिना चढताना धाप लागते का?"

पुष्करराव सासूच्या उत्तराची वाट न बघता फोनकडे वळलेच होते.

कसाई स्टेशनचा जिना पुष्कळ चढायचा आहे. द्वारकाबाई तो सगळ्यांच्या पुढं चढायच्या आणि मधल्या टप्प्यावर थांबून भिंतीवरच्या जाहिराती बघायच्या. टूथपेस्टची जाहिरात, इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात. एक अक्षर कळत नव्हतं, पण श्वास बसेपर्यंत त्या मन लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय छान रंग देतात हे लोक." आईला चित्रांची आवड आहे असं सौमित्र कौतुकानं मित्रांना सांगायचा. लिफ्टनं चल असं कुणी म्हटलं तर "लिफ्ट म्हाताऱ्यांना" असं त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. धाप लागते हे त्यांनी देवाला सांगितलं नव्हतं. फोनवरच्या अनोळखी बाईला सांगायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

"लागते," त्या म्हणाल्या.

पुष्करराव थांबले. "काय, आई?"

"धाप. लागते. सांगा त्यांना."

"आई?" सौमित्र खुर्चीतून उठला. "तू कधी बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलं नाहीस. ती बाई परकी, तिनं विचारलं. सांगा हो पुष्करराव."

पुष्कररावांनी घाम पुसला, फोनकडे तोंड केलं आणि जपानीत काहीतरी मवाळ बोलले. त्यात 'सुकोशी' आलं.

"सुकोशी नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "सुकोशी म्हणजे थोडं, तेवढं मला भाजीवाल्याकडे कळतं. थोडं नाही, खूप लागते म्हणावं. मधेच बसावं लागतं. डोळ्यांपुढं अंधारी येते."

"अंधारी?" अश्लेषा म्हणाली.

"कानात गुंई होतं. हातापायाला मुंग्या येतात. परवा आंघोळीला बसले होते तर छातीत अशी कळ आली की मला सासूबाई दिसल्या. त्या जाऊन तीस वर्षं झाली." धाप खरी होती. बाकीचं त्या जसजसं सुचेल तसतसं घालत होत्या, आणि सुचत होतं भरभर. "आणि डोंगर बघितला की पोटात गोळा येतो. आमच्याकडे पसरणीचा घाट उतरताना मी डोळे मिटून बसते."

शेवटचं सोडून पुष्कररावांनी सगळं भाषांतर केलं असावं, कारण पलीकडचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. मग त्या बाईनं काहीतरी घाईघाईनं विचारलं.

"त्या विचारतायत, ॲम्ब्युलन्स पाठवू का."

"आत्ता नको म्हणावं. आत्ता मी जेवून बसलेय."

बाईनं पुन्हा माफी मागितली. या वेळी इतकी मागितली की दुखणं द्वारकाबाईंचं आणि आजारी तीच. तिला वाईट वाटत होतं, तिच्या कंपनीला वाईट वाटत होतं, पण ओकासामांना लेहला नेता येणार नव्हतं. आणि ओकासामा नाहीत म्हणजे ओयाकोको नाही. फोन ठेवतानाही ती माफीच मागत होती.

पडद्यावरचा तिसरा माणूस गेला. दोनच उरले आणि त्यांच्यासमोर पूर्ण भाव आला. अश्लेषानं आकडा वाचला आणि चहा टाकायला उठली.

"उद्याच डॉक्टरकडे जायचं," सौमित्र म्हणाला.

"उद्याचं उद्या. आधी हे."

"हो. दोघांचं काढतो. तू म्हणाली होतीस तसंच." त्यानं पाकिटातून कार्ड काढलं.

"थांब, थांब," पुष्करराव म्हणाले. हात आपोआप पुढं आला होता. "एवढी घाई नको. पुढच्या महिन्यात उतरेल भाव. दरवर्षी उतरतो. मी लक्ष ठेवतो."



नुपूर उठली. तिनं फोन पर्समध्ये टाकला, खुर्चीवरची बॅग खांद्याला लावली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर द्वारकाबाईंना धीर आला असता.

"उतरेल," ती म्हणाली. "मागच्या वेळीही उतरला होता. दादा, मी निघते. आधीची गाडी मिळाली तर बघते."

"अगं, चहा तरी..." स्वयंपाकघरातून अश्लेषा.

"नको गं वहिनी."

ती दाराशी जाऊन बूट घालायला वाकली. पुष्करराव तिच्या पाठीकडे बघत राहिले. द्वारकाबाईंच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. दुकानात बसून एक गोष्ट त्या शिकल्या होत्या. गिऱ्हाईक पाकिटाकडे हात नेतं की नाही हे बघायचं असतं, तेव्हा दुकानदारानं बोलू नये. त्या तोंडात अनारशाचा तुकडा टाकून बसल्या.

"नुपूर, थांब," पुष्करराव म्हणाले.

ती थांबली नाही, दुसऱ्या बुटाची नाडी बांधू लागली. फक्त गाठ मारायला वेळ लावला.

पुष्कररावांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. उजव्या हाताचं बोट पडद्यावर वर सरकलं, जिथं दुसऱ्या तारखांचे भाव असतात तिथं. ते त्यांनी डाव्या हातानं धरून खाली आणलं. विमानाचं चित्र आलं. मधल्या जोडीवर त्यांनी दोनदा दाबलं. मग खिशातून पाकीट काढलं.

"अरे, हे आईकडून आहे," सौमित्र आपलं कार्ड पुढं करत म्हणाला.

"राहू दे."

"अरे पण वाण..."

"सौमित्र, मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं होणार नाही."

त्यांनी कार्डाचे आकडे भरले. एकदा चुकले, पुन्हा भरले. कपाळावर घाम आला होता. शेवटचं बटण दाबताना त्यांनी डोळे मिटून घेतले, लहान मुलं दंडावर सुई घेताना मिटतात तसे. मग खुर्चीला टेकून बसले. उपरणं खांद्यावरून घसरून मांडीवर आलं होतं.

"झालं," ते म्हणाले. "निज ज्येष्ठातली पहिली तारीख. तू, मी. मधल्या जागा, जोडून."

नुपूर दारात उभी होती, दोन्ही बूट घातलेले.

"रद्द करता येतं का?" तिनं विचारलं.

"येतं. पूर्ण भावाचं कधीही रद्द करता येतं. सगळे पैसे परत मिळतात. सवलतीचंच नाही करता येत. गंमत आहे."

"आणि केलं तर?"

"तर केलं. मी करणार नाही. तू करू शकतेस. बुकिंगचा नंबर पाठवलाय तुला."

पर्समध्ये तिचा फोन वाजला. तिनं काढून बघितला. बराच वेळ बघत होती. मग फोन तसाच हातात धरून तिनं एक बूट काढला, मग दुसरा, आणि आत येऊन लॅपटॉपसमोर उभी राहिली. बॅग अजून खांद्यालाच होती.

"यातली माझी कुठली?"

"उजवी."

"मला डावी हवी."

"बदलतो."

"आणि त्या दिवशी नागोयाहून सकाळी धडपडत येऊ नकोस. आदल्या दिवशीच ये इथं."

"येतो."

"कुठल्या गाडीनं?"

"जी पहिली मिळेल तिनं."

नुपूरनं बॅग खाली ठेवली. अश्लेषानं चहाचे कप आणले आणि काही न विचारता एक कप तिच्याही हातात दिला. दोघं पडद्यावर वाकून डावी-उजवी करत राहिली. सौमित्र कार्ड परत पाकिटात घालू की नको अशा अवस्थेत आईकडे बघत होता.

द्वारकाबाईंनी पदर सावरला. याकची गोष्ट यापुढंही दर लग्नात ऐकावी लागणार होती. उद्या डॉक्टरकडे जावं लागणार होतं आणि अंधारी, मुंग्या, सासूबाई यांचा खुलासा करावा लागणार होता. त्यांचं वाण जावयानं स्वतःच्या खिशातून घेतलं होतं, आणि हे वाईच्या बाजारात कळलं तर लोक काय म्हणतील हे त्यांना ऐकू यायला लागलं होतं. त्यांनी जावयाकडे नीट, वरपासून खालपर्यंत, पाहून घेतलं.

"पुष्करराव," त्या म्हणाल्या, "सासूचं वाण स्वतःच्या कार्डावर घेणारा जावई आमच्या सात पिढ्यांत झाला नाही. जावई म्हणून तुम्ही साफ वाया गेलात. नवरा म्हणून बघू, चालून जाल."